पहिला उतार

ब्रेकचा शू हातात आला की दिलशाद आपा तो आधी नाकाला लावायच्या. पाहणं नंतर. शू म्हणजे चाकाच्या ड्रममध्ये बसणारी कमानदार लोखंडी पट्टी. तिच्या बाहेरच्या अंगावर लायनर, म्हणजे घासणारी जाड पट्टी, रिव्हेटने ठोकलेला असतो. ब्रेक दाबला की हा लायनर फिरत्या ड्रमला आतून घासतो आणि चाक थांबतं. झिजलेला लायनर काढून नवा ठोकणं हा आपांचा धंदा. गिऱ्हाईक शू काउंटरवर ठेवायचं, आपा तो दोन्ही हातांनी उचलायच्या, नाकाशी न्यायच्या, डोळे मिटायच्या आणि निकाल द्यायच्या. "ब्रेक ऑइल गळतंय. आदी सिलेंडर बगा, मग या." किंवा, "बेअरिंगचं ग्रीस हाय." किंवा, "जळलाय. घाटात ब्रेकवर पाय ठिवूनच उतरलासा न्हवं? खरं सांगा." गिऱ्हाईक सहसा खरं सांगायचं.

साताऱ्यात औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. पाटीवर मालकाचं नाव नव्हतं, फक्त 'ब्रेक लायनर' एवढी अक्षरं. शेजारच्या इमारतीत आमच्या दैनिकाचं जिल्हा कार्यालय होतं. दुपारच्या बातम्या रिव्हेट ठोकल्याच्या आवाजातच लिहिल्या जायच्या.

आपा मूळच्या सांगलीच्या. लग्न होऊन साताऱ्यात आल्या तेव्हा दुकान सासऱ्यांचं होतं, पुढे नवऱ्याचं झालं. रफिकभाई काउंटरवर उभे राहायचे आणि आपा पडद्यामागे रिव्हेट ठोकायच्या. ही गोष्ट फार थोड्यांना माहीत होती. रफिकभाई वारले तेव्हा दुकान आता बंद होणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं. आपांनी पडदा काढून टाकला आणि रिव्हेटचं मशीन पुढे आणलं. पहिल्याच आठवड्यात एका ट्रकवाल्याने विचारलं, "मालक कुठायत?" आपा हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, "कबरस्तानात. निरोप असंल तर सांगा, शुक्रवारी जायाचं हाय."

त्या नम्र नव्हत्या. स्वतःच्या कामाची स्तुती त्या स्वतःच करायच्या आणि दुसऱ्याने केली तर ती अपुरी वाटायची. "माझ्यासारखा लायनर कोल्हापुरात एक जण ठोकायचा," त्या म्हणायच्या, "त्यो बी मेला." चहा मागवला तर स्वतःच्या ग्लासात तीन चमचे साखर. कोणी मधुमेहाचं नाव काढलं तर, "त्याचा ब्रेक माझ्याकडं हाय, तुमी नगा काळजी करू."

सासऱ्यांपासून चालत आलेली एक रीत मात्र त्यांनी कधी मोडली नाही. घाटात चालणाऱ्या गाडीचा लायनर बदलला, की त्या गाडीच्या पहिल्या उतरणीला लायनर ठोकणाऱ्याने पुढच्या सीटवर बसायचं. ट्रक असो, जीप असो, शाळेची बस असो. आपा शटर अर्धं ओढायच्या, ओढणी घट्ट करायच्या आणि ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला चढून बसायच्या. काच खाली, चेहरा खिडकीकडे, नाक वाऱ्याला. उतरताना कोणाशी बोलायच्या नाहीत. घाट संपला की एवढंच सांगायच्या, "जा आता खुशाल." या रीतीबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "ब्रेक माझा, तर पहिला उतार माझा."

सुभेदार खरात त्यांच्याकडे आले ते एका जुन्या गाडीचे शू घेऊन. यवतेश्वर घाट चढून गेलं की वर पठारावर जी गावं आहेत, त्यातल्या एका गावचे हे निवृत्त सुभेदार. पायदळातले. गाडी साठ वर्षांपूर्वीची. गोल दिवे, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, मागची सीट तिघांना ऐसपैस. त्यांनी ती कऱ्हाडच्या एका भंगारवाल्याकडून सांगाडा म्हणून घेतली होती. तेव्हा त्यांची मुलगी प्रज्ञा प्राथमिक शाळेत होती. प्रत्येक सुट्टीत सुभेदार घरी यायचे आणि गाडीचा एखादा भाग जिवंत करायचे. प्रज्ञा सीट नसलेल्या गाडीत पाटावर बसून तोंडाने इंजिनचा आवाज काढायची. दरवाजा बसवला त्या वर्षी ती सहावीत गेली. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. "लग्नाला ह्याच गाडीतून घाट उतरायचा," हे तिने लहानपणी ठरवलं होतं आणि सुभेदारांनी ते हुकमासारखं घेतलं होतं. आता लग्न ठरलं होतं. मुलगा शिराळ्याचा, मंगल कार्यालय साताऱ्यातलं. गाडी रंगवून, घासूनपुसून तयार होती. एकच गोष्ट होत नव्हती. ती नीट थांबत नव्हती.

तक्रार विचित्र होती. गावातल्या सपाट रस्त्यावर ब्रेक चांगला लागायचा. घाटाच्या पहिल्या दोन वळणांवरही लागायचा. अर्ध्या घाटात पायाला पेडल तितकंच कडक लागायचं, पण गाडी वेग सोडायची नाही. सुभेदार एकटेच एकदा तशी गाडी घेऊन उतरले आणि दुसऱ्या गिअरवर कशीबशी सांभाळत खाली आले. सगळे शू काढून पिशवीत घातले आणि आपांसमोर ठेवले.

"पहिला उतार कुणी केला?" आपांनी विचारलं. लायनर त्यांनीच ठोकलेले होते, गाडी अजून सांगाडा असताना.

"मी. एकट्यानेच."

"मला न इचारता? मग भोगा."

पण त्यांनी शू उचलला, नाकाला लावला, डोळे मिटले. दुकानात आलेले दोघे-तिघे बघत राहिले. "तेल न्हाई," आपा म्हणाल्या. "कोरडा हाय. वरनं चकाकी आलीया, तेवढंच."

तिथून पुढचा सगळा शोध या वाक्यावर उभा राहिला.

दुकानात जमलेल्या जाणकारांनी मांडलेला हिशोब साधा होता. नळीत हवा असती तर पेडल मऊ लागलं असतं. पेडल कडक होतं, म्हणजे हवा नाही. दाब चाकापर्यंत पोचतो, पण घर्षण होत नाही. असं तीन कारणांनी होतं: लायनर ड्रमला पुरता टेकत नसेल, त्यावर चकाकी चढली असेल, किंवा त्याला तेल लागलं असेल. आपांनी ड्रमला आतून खडू लावला, शू फिरवून पाहिला. खडू सगळीकडे सारखा पुसला गेला. म्हणजे टेकतो. पॉलिश पेपरने चकाकी काढली. ड्रम लेथवर आतून तासून आणले. नवे लायनर ठोकले. आणि तेल नाही, हे आपांच्या नाकाने आधीच सांगितलं होतं. आपांच्या नाकाला साताऱ्यात कोणी आव्हान देत नव्हतं.

सुभेदार घाईत पुन्हा आपांना न बोलावताच घाट उतरले, आणि ब्रेक पुन्हा अर्ध्या घाटात लागेनासा झाला.

मग सुभेदारांनी मास्टर सिलेंडर बदलला. चाकांकडे जाणाऱ्या रबरी नळ्या बदलल्या. दोन गॅरेजवाल्यांनी पाहून सांगितलं, जुन्या गाडीचा ब्रेक असाच असतो, त्या काळी रस्त्यावर गाड्याच किती होत्या. एकाने सुचवलं, लग्नापुरती भाड्याची पांढरी गाडी घ्या, हिला कार्यालयाच्या दारात उभी करून फोटो काढा. हे सुभेदारांनी घरी सांगितलं तेव्हा प्रज्ञा म्हणाली, "पप्पा, भाड्याची गाडी मी कधी मागितली होती?" सुभेदारांच्या पत्नीने लेकीची बाजू घेतली नाही. "थांबत नाही त्या गाडीत मी पोरगी बसवणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या हौसेपायी नाहीच नाही."

लग्नाला थोडेच दिवस उरले होते. सुभेदार रोज पठारावरून एसटीने खाली यायचे. इस्त्रीचा शर्ट, सरळ पाठ, हातात शूंची पिशवी. आवाज चढवायचे नाहीत, पण पिशवी काउंटरवर ठेवताना जोर वाढत चालला होता. आपाही चिडल्या होत्या. त्यांच्या हातून गेलेला लायनर दोनदा परत आला, असं पूर्वी झालं नव्हतं. शेजारच्या टायरवाल्याने हटकलंच, "काय आपा, कोल्हापूरवाला जिवंत करून आणू का?"

"तुझ्या टायरीत हवा हाय का बग आदी," आपा म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी चहा मागवला नाही.

तिसऱ्या खेपेला त्यांनी जरा मऊ जातीचा लायनर निवडला. प्रत्येक रिव्हेट दोनदा तपासला. "आता मी येतीया वर," त्या म्हणाल्या. "तुमी गाडीला बसवा. उतरायचं माझ्यासंगं."

पठारावर सकाळी गाडी तयार उभी होती. दैनिकाला या गाडीची बातमी हवी होती, म्हणून मीही गेलो होतो. प्रज्ञा न विचारताच मागच्या सीटवर माझ्या शेजारी येऊन बसली. सुभेदारांनी तिच्याकडे पाहिलं.

"तू उतर."

"लग्नाच्या दिवशी मी बसणार, आणि आज मी नको? उतरणार नाही."

आपा पुढच्या सीटवरून म्हणाल्या, "बसू द्या. भ्याला पाहिजे तिनं बी." सुभेदारांच्या पत्नी अंगणात हात बांधून उभ्या होत्या. गाडी निघाली तरी त्यांनी हात हलवला नाही.

पहिलं वळण नीट गेलं. दुसरंही. समोर खाली सातारा पसरलेला होता, पलीकडे अजिंक्यतारा. आपांनी काच उतरवून चेहरा खिडकीकडे केला होता. तिसऱ्या वळणाला सुभेदारांचा उजवा गुडघा जरा जास्त ताणला गेला. गाडी थांबली, पण उशिरा. चौथ्या वळणाआधी त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडीने वेग सोडला नाही.

"लागत नाही," सुभेदार म्हणाले. आवाज अगदी सपाट होता.

"दुसऱ्यात घ्या," आपा म्हणाल्या.

त्यांनी दुसरा गिअर टाकला. इंजिन ओरडलं, गाडी झटका देऊन थोडी सावरली. वळणाच्या बाहेरच्या अंगाला संरक्षक दगड होते आणि त्यांच्या पलीकडे काही नव्हतं. गाडी वळण घेऊन बाहेर पडली. आता गाडीत वास भरला होता. गरम लोखंड, जळकं तेल, घशाला लागणारा.

"पप्पा, काहीतरी जळतंय," प्रज्ञा म्हणाली. "केवढा वास येतोय."

आपांनी खिडकीतून चेहरा आत घेतला. "कसला वास?"

इंजिनच्या आवाजातही तो प्रश्न गाडीत सगळ्यांना स्वच्छ ऐकू आला होता. सुभेदारांनी एक क्षण रस्त्यावरून नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. पुढच्या क्षणी त्या ओरडल्या, "माझ्याकडं काय बघतासा! म्होरं बगा! तेल हाय लायनरला. ब्रेक मेला समजा. पाय काढा त्याच्यावरनं. पयल्यात टाका. समोरनं कोण न्हाई तवर डोंगराकडं घ्या, चरीत घाला!"

पहिला गिअर बसताना दात खरवडल्यासारखा आवाज झाला. सुभेदारांनी गाडी डोंगराकडच्या अंगाला घेतली. चाकं मातीच्या चरीत उतरली, दरवाजा दरडीला घासला, नवा रंग लांबवर खरवडत गेला आणि गाडी तिरकी होऊन थांबली. पुढच्या चाकातून निळसर धूर येत होता. प्रज्ञाने दोन्ही हातांनी पुढची सीट धरली होती. ती सोडायला तिला वेळ लागला.

सगळे उतरले. वर कासला जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या हॉर्न वाजवत शेजारून गेल्या.

"आपा," सुभेदार म्हणाले, "तुम्हाला वास आला नाही?"

आपा धुराकडे पाहत होत्या. "न्हाई."

"आत्ता नाही, की..."

"दोन वरसं झाली. साथीत ताप आला हुता, त्यात गेला. डाक्टर म्हणला, यील हळूहळू. न्हाई आला."

"मग दुकानात शू हुंगता ते?"

"हात आपसूक जातूया वर. आन् गिऱ्हाईक बघत असतंय." त्या थांबल्या. "लायनर काढताना काळं डाग दिसलं हुतं मला. जळाल्याचं असंल म्हणलं. आदी असं काळं दिसलं की नाक सांगायचं, जळाल्याचं हाय का तेलाचं. आता कोण सांगणार?"

"तुम्ही सांगितलंत तेल नाही. तुमच्या शब्दावर मी सगळी गाडी उघडली. सिलेंडर बदलला, नळ्या बदलल्या. तेल सोडून सगळं पाहिलं." सुभेदारांचा आवाज अजूनही चढला नव्हता, आणि त्यामुळे ऐकवत नव्हता. "माझी पोरगी गाडीत होती, आपा."

"मी बी हुते."

"तुम्ही तुमच्या मर्जीने बसलात."

आपा रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या. सुभेदार गाडीच्या टपावर तळवे टेकून उभे राहिले. मग सवयीने त्यांनी खिशातून कापडाचा चौकोनी तुकडा काढला आणि हात पुसायला लागले. आपा बघत राहिल्या. उठल्या, जवळ गेल्या आणि तो तुकडा त्यांच्या हातातून काढून घेतला. अंगठा आणि बोटात चोळला.

"ह्ये काय हाय?"

"चिंदी."

"त्याला लावलंय काय?"

"तेल. रायफलचं, पातळ." सुभेदार म्हणाले. "पठारावर धुकं असतं. तासलेलं लोखंड एका रात्रीत गंजतं. ड्रम लेथवरून आणले की मी आतून चिंदी फिरवतो."

"ड्रमला? आतनं?"

"बसवताना कोरड्या कापडाने पुसून घेतो. एकदम सुका करतो. रायफलचंही तसंच. ठेवताना तेल, फायरिंगच्या आधी नळी सुकी. तीस वर्षं केलंय."

आपांनी डोळे मिटले. या खेपेला नाकाशी काही नव्हतं. "आवं सुभेदार," त्या हळू म्हणाल्या, "बिडाचं लोखंड हाय त्ये. वरनं पुसलं तरी आत पितंय. तापलं की घाम आल्यागत भाईर टाकतंय. परत्येक खेपेला नवा लायनर तुमीच भिजवलासा."

"तुम्ही विचारलं नाही."

"तेल न्हाई म्हणून मीच सांगितल्यावर इचारू कशाला? पर एक सांगते. माझं नाक गेलं ही माझी चूक. तेल काय माझ्या नाकातनं न्हाई आलं."

प्रज्ञा इतका वेळ दगडाला टेकून उभी होती. ती एकदम हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "एकाने तेल लावायचं आणि एकीने नाही म्हणायचं," ती म्हणाली. "दोघांनी मिळून मला वरातीआधीच दरीत घातलं असतंत."

कोणी तिला गप्प केलं नाही.

धूर बंद झाल्यावर, चाकं निवल्यावर, सुभेदारांनी गाडी चरीतून मागे घेतली. प्रज्ञाला आणि मला त्यांनी चालत यायला सांगितलं. उरलेला घाट पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने उतरायचा होता. आपा पुढचा दरवाजा उघडायला लागल्या.

"तुम्हीही चालत या," सुभेदार म्हणाले.

"उतार संपला न्हाई अजून," आपा म्हणाल्या आणि आत बसल्या. सुभेदारांनी काही वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून वाट पाहिली. मग गाडी सोडली. आम्ही दोघं मागून चालत होतो. घाट संपेपर्यंत पुढे बसलेल्या दोन डोक्यांपैकी एकही दुसऱ्याकडे वळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुभेदार येतील की नाही, याबद्दल रस्त्यावरच्या दुकानांत दोन मतं होती. ते आले. गाडी आदल्या संध्याकाळी ट्रकला बांधून वर नेली होती; ते चारही ड्रम घेऊन आले. आपांनी काउंटरवर हात पुढे केला. "चिंदी." सुभेदारांनी खिशातून काढून दिली. आपांनी ती खिळ्याला टांगली. ड्रम तापवले, तेल बाहेर येईपर्यंत तापवले, धुतले, पुन्हा तापवले, मग तासायला पाठवले. जुने लायनर तोडून टाकले. नवे ठोकल्यावर त्यांनी एक शू शेगडीवर गरम केला आणि कोऱ्या कागदावर दाबून धरला. कागद उचलून उजेडात पाहिला. डाग नव्हता. तरी त्या थांबल्या. शू सुभेदारांपुढे धरला.

"हुंगा."

"मी?"

"माझ्याकडं काय हाय आता? तुमी हुंगा, आन् खरं सांगा."

सुभेदारांनी शू दोन्ही हातांनी घेतला, नाकाला लावला. बराच वेळ घेतला. "तेल नाही," ते म्हणाले. मग पुन्हा हुंगून म्हणाले, "नाही."

ड्रम त्या दिवशी दुकानातच राहिले, कागदात गुंडाळून. पठारावर ते आपांसोबत गेले आणि आपांच्या डोळ्यांदेखत बसले. दुसऱ्यांदा उतरायची वेळ आली तेव्हा आपा पुढच्या दाराशी थांबल्या आणि प्रज्ञाला म्हणाल्या, "तू बस म्होरं. ह्या खेपेला नाक म्होरं पाहिजे." त्या पहिल्यांदाच मागे बसल्या. प्रत्येक वळणाला विचारत होत्या, "काय येतंय?" प्रज्ञा खिडकीतून डोकं बाहेर काढून सांगत होती: "माती." "कुणाच्या तरी घरचं वांग्याचं भरीत." "पावडर, तुमचीच." जिथे गाडी चरीत गेली होती तिथे दरडीवर रंगाचा ओरखडा होता. तिथेच सुभेदारांनी मुद्दाम ब्रेक दाबला. गाडी थांबली. पूर्ण थांबली, रस्त्याच्या मधोमध. मागच्या गाडीवाल्याने शिवी दिली. सुभेदारांच्या तोंडून पहिल्यांदाच मोठा आवाज निघाला, "थांबली!"

लग्नाच्या दिवशी गाडी फुलं लावून घाट उतरली. एका दरवाजावर खरवडलेला पट्टा तसाच होता. रंग द्यायला वेळ मिळाला नव्हता. सुभेदारांच्या पत्नी मागच्या सीटवर लेकीच्या शेजारी बसल्या होत्या. आपा घाटाच्या पायथ्याला रस्त्याकडेला उभ्या होत्या. गाडी दिसल्यावर त्यांनी हात केला नाही. फक्त चाकांकडे पाहत राहिल्या. गाडी त्यांच्याशेजारी येऊन थांबली, तेव्हा त्या म्हणाल्या, "जा आता खुशाल."

ही गोष्ट इथे संपली असती तर आपांचं काही बिघडलं नसतं. घाटात काय झालं ते गाडीतल्या चौघांनाच माहीत होतं, आणि चौघांपैकी कोणी बोलणारं नव्हतं. माझ्या बातमीतही ते नव्हतं. तिथे फक्त गाडी होती. पण लग्नानंतरच्या सोमवारी पहिल्या गिऱ्हाइकाने काउंटरवर शू ठेवला, आणि आपांचा हात सवयीने वर गेला. मध्येच थांबला. त्यांनी शू परत त्याच्यापुढे धरला. "मला वास येत न्हाई," त्या म्हणाल्या. "दोन वरसं झाली. तुमी हुंगा आन् सांगा, मग मी ठोकते."

गिऱ्हाईक गोंधळून हसलं. आपा हसल्या नाहीत.

ही बातमी एका दिवसात वसाहतीपर्यंत पोचली. दोन ट्रान्सपोर्टवाल्यांनी काम दुसरीकडे नेलं. ज्यांचे लायनर त्या दोन वर्षांत ठोकले होते, त्यातले काही येऊन भांडले. आपांनी प्रत्येकाला सांगितलं, गाडी आणा, ड्रम उघडते, बघते. काहींचे ड्रम पुन्हा उघडले. टायरवाला म्हणाला, "आपा, सांगायची काय गरज हुती? कुणाला कळलं असतं?"

"घाटात कळतंय," आपा म्हणाल्या.

मग लोकांना त्याची सवय झाली. ड्रायव्हर, शेतकरी, एकदा तर एक इन्स्पेक्टर, सगळे काउंटरपाशी उभे राहून स्वतःच्या गाडीचा शू हुंगताना दिसायचे. आपा समोर हाताची घडी घालून थांबायच्या. "काय येतंय? नीट सांगा. जळकं म्हंजे कसं जळकं? कागदासारखं का केसासारखं?" त्या शिकवत होत्या असं त्यांना कोणी म्हटलं असतं तर त्यांनी शिवी दिली असती. पहिला उतार त्यांनी सोडला नाही. फक्त गाडीत आणखी एक नाक बसवायचं, एवढी भर पडली. खिळ्याला टांगलेली चिंदी कोणी मागितली नाही. ती तिथेच वाळली.

पुढे गुडघे साथ देईनात, तेव्हा आपा सांगलीला लेकीकडे गेल्या. दुकान एका मेस्त्रीने घेतलं. वास शेवटपर्यंत परत आला नाही. गेल्या थंडीत त्या वारल्या. मी सांगलीला पोचलो तेव्हा जनाजा निघायच्या तयारीत होता. प्रज्ञा शिराळ्याहून आधीच येऊन घरात बायकांमध्ये बसली होती.

कबरस्तानाच्या फाटकापाशी ती गाडी आली. सुभेदार एकटेच होते, पठारावरून तेवढं अंतर स्वतः चालवत आलेले. दरवाजावरचा ओरखडा अजून तसाच होता. ते उतरले आणि लगेच आत गेले नाहीत. पुढच्या चाकाशी गुडघ्यावर बसले, चाकाजवळ नाक नेलं आणि डोळे मिटले. मग दुसऱ्या चाकाशी. चारही चाकं झाल्यावर ते उभे राहिले, पँटची धूळ झटकली, डोक्याला रुमाल बांधला आणि खांदा द्यायला पुढे गेले.